लिथियमवरची साय

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. कॉलेजात होतो तोवर नोकरीचं निमित्त होतं, निवृत्त झाल्यावर ‘आता काय त्याचं’ हे निमित्त होतं. बायकोला एकदा सांगितली होती, पण तीही अर्धीच, आणि त्या अर्ध्यात मी नव्हतो.

यंदा सुनेनं कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या. साताऱ्यात पूर्वी कूलर म्हटलं की लोक हसत; आता लागतो. दुपारी तिनं तो पहिल्यांदा चालू केला, ताट्यांवरून पाणी उतरलं आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. ती म्हणाली, “बसा ना बाबा इथं, गार वाटेल.” मी उठलो आणि बाहेर ओट्यावर उन्हात जाऊन बसलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला गारवा सोसत नाही. मीही तसंच वाटू दिलं. वाटू देणं मला चांगलं जमतं.

तो उन्हाळा सांगलीचा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे बरे गेले होते. विहिरींना पाणी होतं, पानमळे पुन्हा उभे राहिले होते आणि शिवारात जिकडेतिकडे हळद शिजत होती. काहिलींतून वाफ निघायची, तिला मातीचा आणि किंचित औषधाचा वास असायचा. वाळलेली हळद पिंपात घालून घोळवत, तेव्हा पिवळी धूळ उडून माणसांच्या पापण्यांवर बसायची. बाजारात हमालांच्या टाचांच्या भेगाही पिवळ्या दिसत. हवा मात्र कोरडी ठणठणीत. ओठ फुटायचे, लाकडी खुर्च्या तडकायच्या. गावाला जाच वाटणारी ती हवा आम्हा दोघांची दौलत होती, कारण आमचं काम फक्त त्याच हवेत होण्यासारखं होतं.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि बाळगोंडा. एम.एस्सी. करून एकाच सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. मी साताऱ्याकडचा, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणून तो मला सुभेदार म्हणायचा. तो सांगलीजवळचा जैन शेतकऱ्याचा मुलगा. हळद घरची, आणि हळद साठवायची पेवंही घरची. मी त्याला नुसतं गोंडा म्हणायचो.

आमचा विषय होता लिथियम. हा धातू इतका हलका की तेलातसुद्धा तरंगतो. कच्च्या सुपारीसारखा कापता येतो. गोंडानं त्यासाठी घरून आज्जीचा अडकित्ताच आणला होता, कारण रबरी हातमोज्यांतून सुरी निसटायची. कापल्याबरोबर आतला भाग आरशासारखा चमकतो, आणि साध्या हवेत ती चमक बघता बघता मरते, आधी राखाडी होते, मग काळसर. म्हणून त्याला निष्क्रिय वायू भरलेल्या पेटीत ठेवावं लागे. लाकूड आणि काच जोडून आम्हीच ती पेटी बनवली होती. एका बाजूला हात घालायला लांब काळे हातमोजे, आत ओलावा शोषणाऱ्या पावडरीच्या बश्या. वायूचा सिलिंडर मुंबईहून ट्रकनं यायचा. तो संपला की सर दुसऱ्यासाठी हात जोडत फिरायचे.

त्या पेटीला गोंडा ‘पेव’ म्हणायचा.

त्याच्या घरचं खरं पेव मी त्याच हंगामात पाहिलं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरायची, तोंड शेणामातीनं लिंपायचं, आणि वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. उघडताना मात्र कुणी लगेच आत उतरत नाही. काही वेळ तोंड मोकळं ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. ज्योत टिकली तरच माणूस उतरतो.

“हळद बी श्वास घेती गड्या,” गोंडा मला सांगत होता. “आतलं सगळं वारं खाऊन बसती. कीडच जगत न्हाई तर तू काय जगणार?”

त्याचे वडील, आण्णा, बाजूला उकिडवे बसले होते. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन तोंडाशी वाकलो, तसे ते म्हणाले, “आवं पावणं, पाणी लांब ठेवा. उघड्या पेवापाशी पाणी आणत न्हाईत.”

मी ओशाळून मागं सरलो. मग गोंडानं रीत सांगितली. पेवात ओल शिरली तर सगळा माल जातो, आणि त्यावेळी गावात एकच प्रश्न विचारतात: तोंड कुणी लिंपलं होतं? ज्यानं लिंपलं त्याच्या शिरावर ते. उंदरानं उकरलं की गुरानं पाय दिला, हे नंतरचं. ज्यानं शेवटचा हात फिरवला त्यानं मान खाली घालायची आणि सोसायचं.

“हे कुठलं बाबा?” मी म्हणालो. “दुसऱ्या कुणी उघडलं असलं तर?”

“त्यो सांगंल की,” गोंडा म्हणाला. “गावातला माणूस असून सांगणार न्हाई व्हय?”

ही रीत त्यानं आमच्या खोलीत जशीच्या तशी आणली. पेटी असलेल्या खोलीत पाणी नाही, चहा नाही, ओल्या केसांनी यायचं नाही. खिडकीला कॉलेजचा जुना वाळ्याचा पडदा होता. बाकीच्या खोल्यांत शिपाई दुपारी अशा पडद्यांवर पाणी मारायचा. आमच्या खोलीत गोंडानं त्याला मनाई केली होती. शिपाई तोंड वाकडं करून म्हणायचा, “भाजून घ्या मंग. वांगी हायसा तुमी दोगं.”

आता सर आणि गोंडा यांच्यात भांडण कशावरून होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिथियमची पट्टी विशिष्ट द्रावणात बुडवली की तिच्यावर एक पातळ थर धरतो. थर जाड होईल तसा विजेला होणारा विरोध वाढत जातो. सर म्हणायचे, तो थर म्हणजे मळ. द्रावणात पाण्याचा अंश राहतो, तो धातूवर जाऊन बसतो. द्रावण पुरतं कोरडं केलं की थर येणारच नाही. गोंडाचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणे, पाणी कमी केलं की थर कमी होतो हे खरं, पण एका ठिकाणी येऊन थांबतो, त्याच्या खाली जातच नाही. म्हणजे द्रावणच धातूला भेटताक्षणी मोडतं आणि त्याचाच थर होतो. आणि तो थर बसतो म्हणूनच आतलं लिथियम शाबूत राहतं, नाहीतर सगळंच विरघळून गेलं असतं.

“सर, दुधावर साय धरती,” तो एकदा म्हणाला, “ती काय बाहेरनं येऊन बसती व्हय?”

सर हसले. “साय खायला बरी. शोधनिबंधात चालत नाही.”

पण सर न्यायी होते. त्यांनी सांगितलं, जितकं जमेल तितकं कोरडं द्रावण कर आणि शेवटची मोजमापं घे. तेव्हाही थर आला, तर निबंध तुझ्या नावानं जाईल आणि मुंबईच्या मोठ्या संस्थेला मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. घरून आण्णांनी त्याला आखितीपर्यंतची मुदत दिली होती. अक्षय्य तृतीयेच्या त्या सणाच्या आत काही झालं तर ठीक, नाहीतर हळदीला माणूस हवा होता. आखितीनंतर वळीव, मग पावसाळा; त्या हवेत हे काम होणारच नव्हतं. वायूचा सिलिंडरही तळाला आला होता. गोंडाचं सगळं आयुष्य कोरड्या द्रावणाच्या एका बाटलीत होतं, असं म्हटलं तर त्यात अलंकार काही नाही.

ते द्रावण त्यानं कसं केलं ते मी पाहिलंय. तो द्रव कमी दाबाखाली पुन्हा पुन्हा उकळून, गाळून, सुरुवातीचा आणि शेवटचा भाग टाकून द्यायचा आणि मधलाच घ्यायचा. रात्री पंप बंद पडू नये म्हणून पंपाशेजारीच घोंगडं टाकून निजायचा. शेवटी ती एक बाटली भरली. काचेचं बूच लावून त्यावर मेणबत्तीचं मेण त्यानं बोटानं लिंपलं, पेवाचं तोंड लिंपतात तसं, कडेकडेनं. बाटली पेटीत ठेवली आणि म्हणाला, “सुभेदार, दोन दिस घरला जाऊन येतो. पेव उघडायचं हाय. पहारा द्या.”

मी खरंच सॅल्यूट ठोकला.

दुसऱ्या दिवशीची दुपार. मला माझ्या मोजमापासाठी थोडं द्रावण हवं होतं. माझं घे, असं गोंडा कधीच म्हणाला नव्हता. नको असंही नाही. नियम एवढाच, की बाटली पेटीच्या आतच उघडायची. पण त्या हातमोज्यांत हात घातला की घाम कोपरापर्यंत साचायचा, बोटं बुळबुळीत व्हायची. डोकं भणभणत होतं. शेजारच्या खोलीतून पडद्यावर पाणी मारल्याचा आवाज आला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी बादली आणली आणि आमच्या पडद्यावर तांब्यामागून तांब्या ओतला. वारा गार झाला. तो वास आला. मग मी बाटली पेटीबाहेर काढली, टेबलावर ठेवून मेण खरवडलं, थोडं द्रावण ओतून घेतलं, आणि क्षणभर बसावं म्हणून खुर्चीत टेकलो.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. बूच टेबलावर होतं. पडदा अजून ठिबकत होता.

त्यावेळी मी घाबरलो असं मला आठवत नाही. काही तासांचाच प्रश्न, एवढ्यानं काय होतंय, असंच वाटलं. मात्र हात शहाण्यासारखे चालले. मी बूच बसवलं. त्याच मेणबत्तीनं मेण ओघळवलं आणि गोंडासारखंच बोटानं कडेकडेनं लिंपलं. बाटली पेटीत ठेवली. पडदा काढून गच्चीवर वाळत घातला, फरशी पुसली. डोकं म्हणत होतं काही झालं नाही, आणि हात सगळ्या खुणा पुसत होते. माणसाला आधी काय कळतं, डोक्याला की हातांना, हे मला अजून उलगडलेलं नाही.

गोंडा आला तो पिवळाधमक होऊन. आल्या आल्या कामाला लागला. आमच्याकडे विरोध मोजायचं जुनं यंत्र होतं. त्यात कानाला लावायचा श्रवणक असे. त्यातून बारीक गुणगुण ऐकू यायची. चकत्या फिरवत जायचं, आणि गुणगुण जिथं विरून शांत होईल तिथला आकडा घ्यायचा. शांतता शोधायचं यंत्र. गोंडा डोळे मिटून ऐकत बसायचा. त्या दिवशी त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. विरोध चढतच गेला. काचेच्या भांड्यात पट्टीवर बारीक बुडबुडे धरले, मग पांढरट पापुद्रा.

सरांनी मोरचूद मागवलं. भाजून पांढरं केलेलं मोरचूद पाणी लागलं की निळं होतं, ही शाळेतली परीक्षा. गोंडानंच बाटलीतलं द्रावण त्यावर सोडलं. पानमळ्यात फवारणीसाठी लहानपणापासून मोरचूद कालवलेला माणूस तो. निळा रंग त्याला दुसऱ्या कुणी ओळखून द्यायला नको होता. फिकट निळा. श्रावणातल्या आभाळाच्या एखाद्या फटीसारखा.

“बाटलीचं तोंड कुणी बंद केलं होतं?” सरांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो.

“मी, सर,” गोंडा म्हणाला.

ते खरं होतं. त्यानंच बंद केलं होतं. त्या खऱ्याच्या आड माझं खोटं इतकं बेमालूम बसलं की मला काही बोलावंच लागलं नाही. श्रवणक टेबलावर पडला होता, त्यातून गुणगुण चालू होती. मला आठवतं, मी मनात म्हणत होतो की हे वाक्य संपलं की बोलू. मग सरांनी काहीतरी विचारलं, ते संपलं की बोलू. मग गोंडानं आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत, आणि म्हणाला, “मेण नीट बसलं नसंल. माझ्याच हातनं राह्यलं असंल.”

सर हळूच म्हणाले, “या कामाला हात लागतो, बाळगोंडा. असतो, नाहीतर नसतो.”

त्यानंतर बोलायला जागा होती का? होती. संध्याकाळ होती, दुसरा दिवस होता, आखितीपर्यंतचे सगळे दिवस होते. त्यानं ट्रंक बांधली तेव्हा ती उचलायला एका बाजूनं मी होतो. एसटीत सामान चढवताना म्हणाला, “अडकित्ता राहू दे तुला. आज्जीला सांगतो हरवला म्हनून.” मी तोही घेतला.

पुढं मी लिथियमवरच प्रबंध लिहिला. त्या बिघडलेल्या बाटलीच्या मोजमापांचं त्यात एक प्रकरण झालं: ओलाव्याचा थरावर होणारा परिणाम. चांगलं प्रकरण आहे. ओलावा कुठून आला हे त्यात लिहिलेलं नाही, आणि परीक्षकांनीही विचारलं नाही. त्याच्या जोरावर मला साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागली.

काही वर्षांनी वाचनालयात परदेशी नियतकालिक चाळताना एका लेखावर माझी नजर थांबली. लिथियमवरचा थर हा द्रावणापासूनच, स्पर्श होताक्षणी तयार होतो, आणि तोच धातूला सांभाळतो. आकृत्या होत्या, समीकरणं होती. साय हा शब्द तेवढा नव्हता. मी ते पान मिटलं आणि शेजारच्याला किती वाजले ते विचारलं. भिंतीवर समोर घड्याळ होतं.

आज पोराटोरांच्या खिशातल्या फोनमध्ये लिथियमचीच करामत असते, आणि तसलाच थर तिथंही आत राखण करतो. नातू फोन चार्जिंगला लावतो तेव्हा मला एक सांगावंसं वाटतं. त्या थराचं असं असतं की पहिला पदर बसायला वेळ लागतच नाही. भेट होते त्याच क्षणी तो बसलेला असतो. नंतर वर्षानुवर्षं तो फक्त हळूहळू जाड होत जातो. माझं गप्प राहणं असंच होतं. मी ठरवून गप्प बसलो असतो तर कधीतरी ठरवून बोललोही असतो. फरक एवढाच, की लिथियमवरची साय लिथियमला वाचवते. माझ्यावरची कुणाला वाचवत होती, हे मला सांगता आलेलं नाही. मी तर तिच्या आत चांगला राहिलो नाही.

गोंडाला मी अधूनमधून भेटत राहिलो. लग्नाकार्यात, कधी माधवनगरला पाहुण्यांकडे गेलो की वाट वाकडी करून. एका हंगामात त्यांचं पेव उघडत होते. त्यानं कंदील खाली सोडला, ज्योत टिकली, वर घेतला. पुन्हा सोडला. वर घेतला. पुन्हा सोडला. दोरीपाशी बसलेला गडी म्हणाला, “मालक, दिवा दमला की आता.” सगळे हसले, गोंडाही हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “काय करतो गड्या, माझ्या हाताचा भरवसा न्हाई.” त्याची बायको निघताना मला म्हणाली, “भावजी, कुलूप लावलं तरी दोनदा माघारी येऊन ओढून बघत्यात. पयल्यापासनं असंच हुतं का हो?”

पहिल्यापासून नव्हतं. पंपाशेजारी निजलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. मेणावरून एकदाच बोट फिरवायचा आणि मागं वळून बघायचा नाही. मी तिला म्हणालो, “व्हय वहिनी, जरा होतंच.”

शेवटचा गेलो तो केवळ सांगायला म्हणून. सत्तरी ओलांडली होती. वाक्य पाठ करून घेतलं होतं, छोटं, कुठं अडखळायला नको असं. तो पडवीत खाटेवर बसला होता, श्वास लागत होता. नदीच्या पुरानं पेवं केव्हाच बुजवली होती. त्याबद्दल म्हणाला, “एक बरं झालं बघ. तोंड कुणी लिंपलं हे इचारायची सोयच ऱ्हायली न्हाई.” मी हसलो नाही. वाटलं, आता. हीच वेळ.

तेवढ्यात त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. हळदीचा पिवळेपणा नखांच्या कडांत अजून होता.

“सुभेदार,” तो म्हणाला, “एक मनात हाय. त्या वक्ताला माझ्या हातनं बाटली राह्यली, आन् तुझा बी तो सगळा उन्हाळा फुकट गेला. तू कवा बोलून दावलं न्हाईस. लय मोठं मन तुझं. पर मी माफी मागायची राह्यली हुती.”

मी सांगायला हवं होतं. समोर माणूस होता, पडवीत तिसरं कुणी नव्हतं, वाक्य पाठ होतं. पण आता ते म्हणणं म्हणजे त्याच्या हातातून ती माफीही काढून घेणं, आणि माझं मोठं मनही. यातलं कुठलं मला सोडवत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मी त्याचा हात थोपटला.

“असू दे रं,” मी म्हणालो. “व्हायचं ते होतं.”

म्हणजे मी त्याला माफ केलं.

मी निघाल्यावर दाराशी येऊन त्यानं कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मला बाहेरून ती ऐकू येत होती. त्याच हिवाळ्यात तो गेला. निरोप मला उशिरा मिळाला. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

त्या शेवटच्या भेटीहून परतताना साताऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसून मी ते पाठ केलेलं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, जप करतोय. मलकापूर गेलं, कराड गेलं, आणि मी तेच म्हणत राहिलो. एक शब्दही चुकत नव्हता:

गोंडा, तुझा हात चांगला होता. बाटली मी उघडली. मला माफ कर.